निळ्या डबीची संथा

त्या माघात शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंचा मिक्सर तिसऱ्यांदा जळला आणि तिसऱ्यांदाही काकूंचं म्हणणं तेच होतं, की आपण काही केलेलं नाही.

"हळकुंडं दळली फक्त. चारच."

"काकू, हळकुंडं घालायची नाहीत म्हणून मी झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती."

"चिठ्ठी तू हिंदीत लिहिलीस. चार पिढ्या काशीत काढल्यावर आम्हाला हिंदी कुठून येणार?" काकू स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि पायरीवर ऐसपैस बसल्या. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

शरदिनीनं मिक्सर उलटा केला. तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बालाजी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं, की गल्ली जिथे एका माणसापुरती उरते, तिथे डावीकडे. दारावर पाटी नव्हती आणि तिच्यावाचून काही अडतही नव्हतं. आसपास कुणाचा रेडिओ खरखरला, कुठल्या देवळाचा कर्णा मुका झाला, की लोक म्हणायचे, शरूताईकडे दे. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. दिल्लीच्या एका संस्थेचा बारा धड्यांचा अभ्यासक्रम तिनं टपालानं मागवला होता. अकरा धडे आले, बारावा वाटेत कुठेतरी हरवला. तिनं तीन पत्रं टाकली, मग नाद सोडला. एखादी वस्तू का बिघडली ते कळेनासं झालं, की ती आपल्याशीच म्हणायची, हे बाराव्या धड्यात असणार.

काकूंनी हनुवटीनं वरच्या खोलीकडे खूण केली. "वेणू राहतोय ना गं आता?"

"बघू."

"बघू काय? बांधून ठेव त्याला."

वेणू म्हणजे वेणीमाधव, शरदिनीचा धाकटा भाऊ. चौदा वर्षं कलकत्त्याच्या हॉटेलांतून गिटार वाजवून गेल्या दसऱ्याला परत आला होता. एक गिटार, एक बॅग, आणि डोक्यावरचे निम्मे केस तिकडेच ठेवून. पहिल्या दिवशी तिनं त्याला भात जरा जास्तच वाढला आणि त्यानं तो निमूट संपवला. चौदा वर्षांबद्दल बहीणभावांचं जे काय बोलणं व्हायचं, ते तेवढंच झालं.

आता कॅन्टोन्मेंटातल्या एका हॉटेलाला संध्याकाळी पाहुण्यांपुढे वाजवायला माणूस हवा होता. वसंत पंचमीनंतरच्या शनिवारी ऐकून घेणार होते. तिथे जमलं, तर वेणू राहणार. नाही जमलं, तर काठमांडूहून मित्राचं बोलावणं होतंच. हे त्यानं पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगून टाकलं होतं, जणू काठमांडू म्हणजे नदीपलीकडचं रामनगर. शरदिनी "बरं" म्हणाली. मग ती अख्खी दुपार एकाच रेडिओचा एकच स्क्रू काढून परत बसवत राहिली. छप्पन्न पायऱ्यांचा घाट, तीन खोल्या, आणि पुन्हा एकाच माणसाचा भात. या वेळी गेला, तर तो परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती निळी डबी दोन दिवसांनी आली.

पंचगंगा घाटाजवळच्या गेस्ट हाउसमध्ये उतरलेला कुणी परदेशी माणूस ती मागे ठेवून गेला होता. मालकानं वेणूला देऊन टाकली. साबणाच्या दोन वड्या जोडाव्यात एवढी, पत्र्याची, हाताला जड. वर फिरवायची तीन बटणं आणि त्यांच्याखाली इंग्रजीत नावं: रेट, डेप्थ, मिक्स. पुढे पायानं दाबायचा गोल खटका, शेजारी एक तांबडा दिवा.

"पेडल आहे ताई, कोरसचं. गिटारची वायर यात आणि यातून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. पण बिलकुल बंद आहे. शनिवारच्या आत झालं तर बघ ना. एकट्या माणसाचं वाजवणं भरून येतं याच्यानं."

शनिवारच्या आत, एवढंच शरदिनीनं ऐकलं.

तिनं बूड उघडलं. आतली बॅटरी फुटून सगळीकडे हिरवा थर चढला होता. मधोमध खोबणीत एक काळा आयसी बसलेला, गोगलगाईएवढा.

"हा तुझा कोरस," ती म्हणाली. नवव्या धड्यात याच जातीची आकृती होती. "पूर ओसरला की घाटावरचा गाळ कसा काढतात? माणसं ओळीनं उभी राहतात आणि घमेलं या हातातून त्या हातात. याच्यात तसे हजार हात आहेत. सूर इकडून आत जातो, हातोहात तिकडून बाहेर पडतो. तेवढा उशीर होतो. मग मूळचा आणि उशिराचा, दोन्ही एकत्र सोडायचे. म्हणजे दुसरा वाजवणारा असा कुणी नाहीच. तूच, जरा मागाहून."

"चौदा वर्षं वाजवतोय, हे मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंस कुणाला?"

तिनं आयसी अलगद उपटला, त्याचे पाय खोडरबरानं घासले आणि हरवू नये म्हणून जर्द्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवला. खोबण स्पिरिटनं पुसली. बॅटरीच्या नव्या तारांना शेवटचा डाग देऊन होतोय तेवढ्यात वीज गेली. वेणू दोनदा जिना उतरून "झालं का?" विचारून गेला. एवढ्यात काकूंचा नातू निरोप घेऊन आला, की मिक्सरवाचून चटणी अडली आहे. गल्लीत ऊन कधी उतरत नाही. दारातल्या राखाडी उजेडात शरदिनीनं डबीचं बूड लावलं, चार स्क्रू आवळले आणि ती वेणूच्या हातात दिली.

साडेतीनला वीज आली.

वरच्या खोलीच्या खिडकीतून नदी दिसायची, धुक्यामुळे पलीकडचा काठ नसलेली. वेणूनं वायरी जोडल्या, खटका दाबला, तांबडा दिवा लागला. त्यानं एक तार छेडली. शरदिनीला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती उंबऱ्यावर बसलीच.

आवाज एकाचा राहिला नव्हता. त्याला पाठ फुटली होती, खांदे फुटले होते. एक सूर उभा होता आणि त्याला लागून दुसरा, अगदी किंचित डुलणारा.

"रेट म्हणजे दुसरा किती भराभर डुलणार," वेणू बटण फिरवत म्हणाला. कमी ठेवलं की आवाज नांगरलेल्या होडीसारखा सावकाश वर-खाली व्हायचा. वाढवलं की हुडहुडी भरल्यासारखा. "डेप्थ म्हणजे सुरापासून किती लांब सरकणार." ते पूर्ण फिरवल्यावर सूर इतका वाकला, की शरदिनीनं दाराची चौकट धरली. अंधाऱ्या जिन्यात आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं, तसं. "आणि मिक्स म्हणजे मी किती नि तो किती. डावीकडे सगळा मी. उजवीकडे सगळा तोच."

"सगळा तोच ठेवला तर?"

त्यानं ठेवून दाखवला. उभा सूर गेला, थरथरणारा तेवढा उरला. "हा झाला व्हायब्रेटो. कलकत्त्याला एकाकडे ट्रेमोलो होतं. त्यात सूर जागचा हलत नाही, नुसता लहान-मोठा होतो, तोंडावर तळवा दाबून काढल्यासारखा. फेझर म्हणजे तांब्यात तोंड घालून गाणं, आवाज आतल्या आत गरगरतो. आणि फ्लँजर..." त्यानं तोंडानंच काढून दाखवलं, पत्र्याच्या नळीतून जाणारं विमान.

शरदिनी हसली. "आणि हे?"

"हे सगळ्यात साधं. हे फक्त सोबत देतं."

तो पुन्हा वाजवायला लागला. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. कधीकाळी याच खोलीत तो असाच बसायचा.

त्यांचे वडील, अण्णा, म्हणजे वासुदेव घनपाठी, इथे आठ-दहा मुलांना वेद शिकवायचे. पुस्तक नाही, पाटी नाही. गुरूनं एकदा म्हणायचं, मग थांबायचं. मुलांनी मान खाली घालून तेच दोनदा म्हणायचं. त्यानंतर गुरू पुढचं देणार. याला संथा म्हणतात. आपलं काही घालायचं नाही, आणि आधी तर मुळीच म्हणायचं नाही. वेणू सगळ्यांत तल्लख. तेराव्या वर्षी एका सकाळी तो वडिलांच्या आधीच पुढचं म्हणून गेला. एकही स्वर चुकला नव्हता. अण्णांनी डोळे उघडले. "पुढचं तुला कळतं, तर मी कशाला?" एवढंच बोलले आणि त्या दिवसापासून त्याला संथा दिली नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. वर्षभर वेणू दाराबाहेर बसून वाट बघायचा. मग कुणाकडून तरी त्यानं गिटार आणली.

शरदिनीला तर संथा कुणी दिलीच नव्हती. मुलींना देत नसत. ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत ओठ मिटून ऐकायची. तिला मुलांइतकंच पाठ झालं होतं. फक्त तिच्यासाठी कधी कुणी म्हणून थांबलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू मिक्सर न्यायला आल्या आणि पायरीवर बसून वरचं ऐकत राहिल्या.

"बरं वाजवतात गं दोघं."

"एकटाच आहे काकू. ते यंत्र आहे."

"असेल बाई. पण तो दुसरा जास्त बरा. आपला वेणू त्याच्या मागून मागून चाललाय."

शरदिनीनं ते सोडून दिलं. काकूंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. पण मिक्सरची तार सोलताना तिचा हात थांबला. पुढे येणारा सूर कोणता आणि मागचा कोणता? ती जिना चढून दाराशी उभी राहिली.

वेणू प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्यानं तारा छेडायचा. तो तारेला लागला की बारीक टक् व्हायचं. आधी टक्, मग अ‍ॅम्प्लिफायरमधून सूर. हा क्रम चुकणं शक्यच नव्हतं.

सूर आला. मग टक् झालं.

तिनं डोळे मिटून पुन्हा ऐकलं. सूर, टक्. सूर, टक्. मध्ये पापणी लवण्याइतकं अंतर होतं. पण होतं. ती खाली गेली, टेपरेकॉर्डर आणला, कॅसेट भरून घेतली आणि दुकानाचं दार लोटून तीच जागा आठ वेळा ऐकली. कान खोटं बोलतात, टेप बोलत नाही. टेपवरही आधी सूर होता.

यंत्रात बिघाड असेल तर तो उशिराचा असतो. हात रेंगाळतात, घमेलं सांडतं. घमेलं भरायच्या आधीच वर पोचलं, असा बिघाड अकरा धड्यांत कुठेही नव्हता.

काकूंच्या मिक्सरला बुडाचा एक स्क्रू कमी होता. तो शोधायला तिनं जर्द्याची डबी उघडली.

आत तो काळा आयसी होता. पाय स्वच्छ घासलेले, चकचकीत.

शरदिनी स्टुलावर बसली. वरून गिटार ऐकू येत होती. भरलेली, दोघांची. निळ्या डबीतली खोबण रिकामी होती. गाळ काढायला ओळीत एकही माणूस उभा नव्हता. डबीतून नुसता वेणू यायला हवा होता, एकटा, कोरडा.

तिनं वर जाऊन हे सांगायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण त्या क्षणी वर तो असं काही वाजवत होता, की गल्लीतून जाणारा दूधवाला सायकल धरून थांबला होता. शनिवार परवावर आला होता. शनिवारपर्यंत राहू दे, ती स्वतःशी म्हणाली. राहू दे, एवढे दोन दिवस. आणि तिनं जर्द्याच्या डबीचं झाकण लावलं.

शनिवारी वेणू अंधार पडायच्या आत परतला, मलाईचा पानाचा दोना हातात घेऊन.

"झालं ताई! सोमवारपासून रोज सहा ते नऊ. मॅनेजर म्हणाला, दोघेही या." तो हसला. "मी सांगितलं, दोनों मैं ही हूं. त्याला पटलं नाही."

शरदिनीनं मलाई घेतली, देवापुढे दिवा लावला, त्याच्या पानात दुप्पट तूप सोडलं. तो राहणार होता. रविवारी निळी डबी मागून घेऊ, आयसी बसवून टाकू, तिनं ठरवलं.

रविवारी त्यानं डबी दिली नाही. "आता नको, हात बसतोय," म्हणाला. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. हॉटेलातून आला की तो थेट वर जायचा आणि सकाळी उठला की चहाच्या आधी तांबडा दिवा. तो बंदच होत नाही हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं.

पुढचा सूर आणखी पुढे गेला होता. आता अंतर मोजायला टेप लागत नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरमधून एक ओळ यायची, चार-पाच सुरांची. मग शांतता. मग वेणूची बोटं तीच ओळ वाजवायची. आणि पुन्हा तीच.

मग पुढची ओळ.

कलकत्त्याचा कुणी वाजवणारा असता, तर त्यानं खटका बंद केला असता, शिवी हासडली असती. वेणू घनपाठ्यांच्या घरात वाढला होता. आधी कुणी म्हटलं आणि थांबलं, की मान खाली जाणार आणि आपण दोनदा म्हणणार. त्याला त्यात काही चुकीचं दिसतच नव्हतं. उलट चेहऱ्यावर असं समाधान होतं, की शरदिनी दारातूनच परत फिरायची. पंचवीस वर्षं दाराबाहेर बसलेल्या मुलाला कुणीतरी आत घेतलं होतं.

गुरुवारी दुपारी जिन्यावरून वेणूचा आवाज आला, "ताई, चहा टाक गं." तिनं आधण ठेवलं. पत्ती घातली, आलं किसलं, चहा गाळून पेल्यात ओतला. तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि वेणू स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ताई, चहा टाक गं," तो म्हणाला. मग, जरा थांबून, "ताई, चहा टाक गं."

त्याची नजर पेल्यावरच होती. वाफ निघत होती.

शरदिनीनं हात पुसले, जर्द्याची डबी घेतली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याच्या मागोमाग जिना चढली.

"वेणू, ती निळी डबी दे. माझ्याकडून एक काम राहून गेलंय."

त्यानं गिटार मांडीवर घेतली होती. त्याचे ओठ मिटलेले होते.

"थांब ताई, संथा चाललीय."

आवाज त्याचाच होता. आला अ‍ॅम्प्लिफायरमधून. खोलीत माइक नव्हता.

मग वेणूचे ओठ हलले. "थांब ताई, संथा चाललीय. थांब ताई, संथा चाललीय."

बाहेर घाटावर कुणीतरी होडीचा तळ ठोकत होतं. ठक, ठक. शरदिनी गुडघ्यांवर बसली. आयसी नंतर. आधी तो दुसरा बंद करायचा. वेणूनंच शिकवलं होतं. डावीकडे सगळा मी.

तिनं मिक्सचं बटण धरलं आणि डावीकडे फिरवलं. पार शेवटपर्यंत.

गिटार थांबली.

बोटं थांबली नाहीत. ती तारांवर चालतच होती, वर, खाली. तारा थरथरताना दिसत होत्या. टक् नाही. वायर काढली तरी गिटारला स्वतःचा म्हणून थोडा आवाज असतोच, लोखंडाचा, लाकडाचा. तोही नाही.

घाटावरची ठकठक मात्र स्वच्छ ऐकू येत होती.

वेणूनं वर पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. गळ्याची शीर ताणली गेली. त्यानं ताई म्हटलं असावं. ओठांवरून तसंच दिसलं.

त्यानं गिटारवर मूठ आपटली.

काही नाही.

शरदिनीनं बटण उजवीकडे फिरवलं. ते दोनदा निसटलं.

"...ई," वेणू म्हणाला, आणि गिटारच्या पोटात त्या मुठीचा घुमारा उमटला, तोही आत्ता.

 मग अ‍ॅम्प्लिफायरमधून पुढची ओळ आली, नेहमीसारखी, घाई नसलेली. वेणूनं मान खाली घातली.

त्याला आता महिना होऊन गेला. आयसी जर्द्याच्या डबीतच आहे. शरदिनी त्याला हात लावत नाही, आणि बटणालाही नाही. मिक्स उजवीकडे आहे, पार टोकाला. बॅटरी संपायच्या आत बदलायची असते, आणि बदलताना क्षणभरही खंड पडून चालत नाही, म्हणून तिनं डबीच्या कडेनं तारांची आणखी एक जोडी काढून घेतली आहे. आधी नवी बॅटरी जोडायची, मग जुनी सोडायची. काम नीटस झालं आहे. असं करायचं कुठल्या धड्यात होतं, हे तिला विचारलं तर सांगता येणार नाही. दर गुरुवारी ती हे करते, वेणू न्हायला जातो तेव्हा, आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरते. मग न्हाणीघरातून त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, प्रत्येक ओळ दोनदा, आणि तिचे खांदे सैल होतात.

वेणू हॉटेलात जातो, रिक्षात निळी डबी मांडीवर घेऊन. मॅनेजर खूश आहे. काठमांडूहून पत्र आलं, ते त्यानं चहाच्या पेल्याखाली ठेवलं आणि विसरला. तो कुठेही जाणार नाही. काकू म्हणतात, "बांधून ठेवलंस हो," आणि शरदिनी हसते.

परवा सोमवारी वेणूची सुट्टी होती. सकाळचे अकरा वाजले होते. शरदिनी कणीक मळत होती. आमटीला अजून उकळी यायची होती, ताट फडताळात होतं. वर गिटार चालू होती, मग थांबली.

आणि वरून हाक आली.

"वेणू, पान वाढलंय."

आवाज बाईचा होता. पान शब्दावर थोडा चिरकणारा, सर्दीमुळे. शरदिनीला आठवड्यापासून सर्दी होती.

तिनं ओठ घट्ट मिटले. हाताला कणीक तशीच. वर कुणी काही बोललं नाही. गिटार वाजली नाही. ती शांतता नुसती शांतता नव्हती. तिची लांबी शरदिनीला लहानपणापासून ठाऊक होती, भिंतीपलीकडून ऐकून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी म्हणून थांबलं होतं.

तिनं आमटी उकळू दिली. पोळ्या लाटल्या, भाजल्या. ताट काढलं, भात वाढला, वर तूप, कडेला लिंबाची फोड. पाट मांडला, पाणी ठेवलं. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि वरची शांतता तेवढा वेळ तशीच थांबून राहिली. भात निवत चालला होता. वेणूनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

शरदिनी जिन्याच्या पायथ्याशी आली.

"वेणू, पान वाढलंय," ती म्हणाली.

पावलं वाजली नाहीत.

तिनं मान खाली घातली आणि दुसऱ्यांदा म्हटलं.